दरी तीच, पाट्या बदलत गेल्या: ऱ्होंदाबद्दल वाचकांचे प्रश्न

दक्षिण वेल्समधल्या कोळशाच्या दऱ्यांवरच्या गेल्या अंकातल्या लेखात 'ऱ्होंदा डिस्ट्रिक्ट'चा उल्लेख ओझरता आला होता. त्यावर बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: ऱ्होंदा डिस्ट्रिक्ट आजच्या नकाशात कुठेच सापडत नाही. तो नेमका कधी होता आणि कधी गेला?

आधी आकाराचा अंदाज घ्या. इथला डिस्ट्रिक्ट म्हणजे कलेक्टरचा जिल्हा नव्हे, त्यापेक्षा खूपच लहान क्षेत्र. १९७२च्या कायद्याने वेल्समध्ये दुमजली कारभार आणला. वर ८ काउंट्या आणि त्यांच्या पोटात ३७ डिस्ट्रिक्ट. ऱ्होंदा हा त्या ३७पैकी एक आणि त्याची काउंटी मिड ग्लमॉर्गन. त्याच काउंटीत कनन व्हॅली, मर्थर टिडविल, ओगुर, रम्नी व्हॅली आणि टॅफ-इली हे आणखी पाच डिस्ट्रिक्ट होते. ही रचना १ एप्रिल १९७४ला सुरू झाली आणि १ एप्रिल १९९६ला मोडली. म्हणजे डिस्ट्रिक्ट या नात्याने ऱ्होंदाचं आयुष्य २२ वर्षांचं.

पण ऱ्होंदाची कौन्सिल, म्हणजे तिथलं स्थानिक कारभार मंडळ, त्याहून बरीच जुनी. १८७७मध्ये अस्त्रादवोदुग या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून आखलेल्या जुन्या क्षेत्राच्या, नावाने स्थानिक मंडळ स्थापन झालं. १८७९मध्ये लान्वोनो आणि लान्ट्रिसंट या शेजारच्या पॅरिशचे काही तुकडे त्याला जोडले गेले. १८९४च्या कायद्याने मंडळाचं अर्बन डिस्ट्रिक्ट झालं, १८९७मध्ये त्याला ऱ्होंदा हे नाव मिळालं, १९५५मध्ये सनद मिळून म्युनिसिपल बरो, म्हणजे राजसनदेचं नगर, झाली आणि १९७४मध्ये नव्या पद्धतीचा डिस्ट्रिक्ट.

१९७४ला बहुतेक डिस्ट्रिक्ट जुन्या चार-पाच कौन्सिलांची मोट बांधून तयार झाले. शेजारच्या कनन व्हॅलीत अॅबरडेअर आणि माउंटन अॅश ही दोन अर्बन डिस्ट्रिक्ट आली, शिवाय पेन्डेरिन आणि ऱ्हिगोस हे भागही आले. ऱ्होंदात असं काही घडलं नाही. जुनी बरो होती तशीच उचलून नव्या चौकटीत बसवली. त्यामुळे इथे कौन्सिलचा इतिहास १९७४पासून सांगायला घेतला, की अर्धी गोष्ट हातातून निसटते.

प्रश्न: १९११मध्ये ऱ्होंदात दीड लाख लोक होते. मग साधं अर्बन डिस्ट्रिक्ट का? मर्थर टिडविल तर १९०८मध्येच काउंटी बरो, म्हणजे काउंटीपासून स्वतंत्र कारभाराचं शहर, झालं होतं.

प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. ऱ्होंदाच्या कारभाराची सारी गंमत, आणि अडचणही, यातच आहे. इथे दर्जा नेहमी लोकसंख्येच्या मागून आला, आणि आला तेव्हा लोक निघून चालले होते.

आकडेच पाहा. १८५१मध्ये अस्त्रादवोदुग पॅरिशमध्ये हजाराच्या आत माणसं होती, नेमकी ९५१. मेंढ्या आणि थोडी शेती, एवढंच. बाष्पइंजिनासाठी लागणारा उत्तम कोळसा खोलवर आहे हे ठाऊक झालं, ब्यूट या जमीनदार घराण्याच्या इस्टेटच्या विश्वस्तांनी दरीच्या वरच्या टोकाला, आजच्या ट्रेहर्बर्टजवळ, खाण खोदली, आणि १८५५च्या अखेरीस तिथून पहिला कोळसा कार्डिफला गेला. पुढे टॅफ व्हेल रेल्वेचे रूळ दरीभर पोचले. १८८१मध्ये लोकसंख्या ५५ हजारांवर, १९०१मध्ये १ लाख १३ हजारांवर, १९११मध्ये १ लाख ५२ हजारांवर. १९२१च्या जनगणनेत १ लाख ६२ हजार. हा माथा. १९५१मध्ये आकडा १ लाख ११ हजारांवर उतरलेला होता. बरोची सनद आली १९५५मध्ये! १९७१मध्ये ८९ हजार.

आता कायद्याची बाजू. १८८८च्या कायद्याप्रमाणे काउंटी बरो व्हायला साधारण ५० हजार वस्ती पुरे होती. मात्र त्याआधी गाव 'बरो' असायला हवं, म्हणजे राजाची सनद हवी. मर्थरने आधी सनद मिळवली आणि मग १९०८मध्ये वरची पायरी गाठली. ऱ्होंदाकडे सनदच नव्हती. १९२६मध्ये उंबरठा ७५ हजारांवर नेला आणि कार्यपद्धतीही जास्त कडक केली. एकदा मागे राहिलेल्याला ती पायरी चढणं आणखी अवघड झालं.

दुसरी गोष्ट भूगोलाची. ऱ्होंदा म्हणजे एक शहर नव्हे. ऱ्होंदा वौर आणि ऱ्होंदा वाख, म्हणजे मोठी नदी आणि धाकटी नदी, अशा दोन अरुंद दऱ्या आहेत. त्या पोर्थला एकत्र येतात. मोठ्या दरीत ट्रेहर्बर्ट, ट्रिऑर्की, पेन्ट्रे, अस्त्राद, ल्विनपिया, टोनीपँडी, दिनस. धाकट्या दरीत मार्डी, फर्नडेल, टायलर्सटाउन, वॉट्सटाउन, अनिसहिर. ओळीने वसलेली खाणगावं, प्रत्येकाची आपली चॅपेलं, आपली दुकानं, आपला अभिमान. सनद मागायला जो एक नगरचौक लागतो, नगराचं जे एक तोंड लागतं, ते इथे नव्हतंच. कौन्सिलची कचेरी पेन्ट्रेला होती, पण पेन्ट्रेला ऱ्होंदाची राजधानी म्हणायला टोनीपँडीवाला तयार झाला नसता.

तिसरी गोष्ट पैशाची. काउंटी बरो झालेला भाग काउंटीतून पूर्ण बाहेर पडे आणि त्याची घरपट्टीही सोबत जाई. खाणींची भरघोस पट्टी देणारी ऱ्होंदा ग्लमॉर्गन काउंटीने सुखासुखी सोडली असती, असं मानायला जागा नाही.

दर्जा लहान असला तरी अधिकार अगदीच किरकोळ नव्हते. १९०२च्या शिक्षण कायद्याने २० हजारांवर वस्ती असलेल्या अर्बन डिस्ट्रिक्टना प्राथमिक शाळा चालवायचा अधिकार दिला, आणि ऱ्होंदाची स्वतःची शिक्षण समिती होती.

प्रश्न: १९७४नंतर काउंटी आणि डिस्ट्रिक्ट यांच्यात कामं कशी वाटली होती? एखाद्या रहिवाशाने तक्रार कुठे न्यायची?

शाळा, समाजकल्याण, मोठे रस्ते, अग्निशमन आणि विकासाचा ढोबळ आराखडा काउंटीकडे. कौन्सिलची भाड्याची घरं, बांधकाम परवाने, सार्वजनिक आरोग्य, बागा, पोहण्याचे तलाव, स्मशानभूमी आणि घरपट्टीची वसुली डिस्ट्रिक्टकडे. पोलीस दोघांच्याही हाताबाहेर, कारण १९६९पासून साउथ वेल्सचं एकत्र दल होतं.

गोंधळ नेहमी सांध्यावर व्हायचा. इंग्लंडमध्ये कचरा गोळा करायचा डिस्ट्रिक्टने आणि त्याची विल्हेवाट लावायची काउंटीने. वेल्समध्ये दोन्ही कामं डिस्ट्रिक्टचीच. इंग्लंडवरची पुस्तकं वाचून वेल्सबद्दल लिहिणारे इथे हमखास चुकतात. घरपट्टीचं बिल डिस्ट्रिक्टच्या नावाने यायचं, पण त्यातला मोठा वाटा काउंटीचा असे. शाळांचा खर्च वाढला की शिव्या मात्र पट्टी वसूल करणाऱ्याला. १९९० ते १९९३मध्ये घरपट्टीच्या जागी माणशी कर आला, तोही डिस्ट्रिक्टनेच वसूल करायचा होता. १९९३पासून आजचा कौन्सिल टॅक्स.

आणखी एक तिरपागडं. मिड ग्लमॉर्गन काउंटीची मुख्य कचेरी तिच्या स्वतःच्या हद्दीत नव्हती. जुन्या ग्लमॉर्गनची कार्डिफमधली, कॅथेज पार्कमधली इमारत तिने वापरात ठेवली, आणि कार्डिफ १९७४पासून साउथ ग्लमॉर्गनमध्ये. ऱ्होंदातल्या माणसाला आपल्या मुलाच्या शाळेचं वरचं काम दुसऱ्या काउंटीत जाऊन करावं लागे.

प्रश्न: ऱ्होंदाचा महापौर म्हणजे कारभाराचा प्रमुख का?

नाही. बरोचा दर्जा १९७४नंतरही राहिला, म्हणून अध्यक्षाला महापौर म्हणत. मानाचं पद, एका वर्षाचं. निर्णय समित्यांमध्ये होत आणि कौन्सिलवर दीर्घकाळ लेबर पक्षाची पकड होती. पण १९७९मध्ये महापौरपदी अॅनी पॉवेल बसल्या. त्या कम्युनिस्ट पक्षाच्या, पेनग्रेगच्या नगरसेविका. लेबरबहुल सभागृहात कम्युनिस्ट महापौर, यावरून तिथल्या राजकारणाचा रंग कळतो. मार्डीला तर 'लिटल मॉस्को' म्हणत.

प्रश्न: खाणी बंद पडल्या की लोक बेकार होतात हे समजतं. पण कौन्सिलही त्याच वेळी कंगाल का व्हायची?

कारण तिचं उत्पन्न आणि खर्च दोन्ही एकाच दोरीला बांधलेले होते.

घराची पट्टी वार्षिक भाडेमूल्यावर ठरे. खाणीची पट्टी प्रामुख्याने ती किती टन कोळसा काढते यावर ठरे. उत्पादन चांगलं असताना एकेक खाण शेकडो घरांइतकी पट्टी देई. खाण आठवड्यातून दोन-तीन दिवसच चालू लागली की टन कमी, पट्टीपात्र मूल्य कमी. खाण पूर्ण थांबली तर तो रकाना जवळजवळ रिकामा. तेव्हाच कामगाराचं घरभाडं थकतं आणि भाड्याबरोबर वसूल होणारी पट्टीही थकते. उरलेल्यांकडून तेवढीच रक्कम काढायची तर पौंडामागचा दर वाढवावा लागतो. दर वाढला की नवा कारखानदार तिकडे फिरकत नाही. हे चक्र १९२०च्या दशकात दक्षिण वेल्सच्या सगळ्या दऱ्यांत फिरलं. ऱ्होंदात ते जास्त जोरात फिरलं, कारण कोळशाखेरीज दुसरा धंदाच नव्हता.

गरिबांना मदत करायचं काम तेव्हा ऱ्होंदा कौन्सिलकडे नव्हतं. ते पाँटिप्रिद युनियनच्या, म्हणजे या कामासाठी एकत्र केलेल्या पॅरिशच्या गटाच्या, गार्डियन मंडळाकडे होतं. पण पैसा त्याच पट्टीदारांच्या खिशातून जाई. १९२६च्या संपानंतर हा बोजा असह्य झाला. १९२९च्या कायद्याने दोन मोठे बदल केले. गार्डियन मंडळं १९३०मध्ये बंद होऊन मदतीचं काम काउंटीकडे गेलं, आणि खाणी-कारखान्यांच्या पट्टीपात्र मूल्यात तीन-चतुर्थांश सूट मिळाली. ती तूट सरकारी अनुदानातून भरायची होती. खाणमालकांना दिलासा मिळाला खरा, पण कौन्सिलचा स्वतःच्या उत्पन्नावरचा ताबा आणखी सैल झाला. आमच्या मते ऱ्होंदा कौन्सिल लंडनकडे हात पसरू लागली ती तेव्हापासून. पुढची दर्जावाढ ही चांगल्या कागदावरची पाटी होती.

पाठोपाठ बेकारभत्त्याची उत्पन्न-चौकशी आली. घरातल्या कमावत्या मुलाची कमाई बापाच्या भत्त्यातून वजा होई. फेब्रुवारी १९३५मध्ये ऱ्होंदासह सगळ्या दऱ्यांत प्रचंड मोर्चे निघाले, आणि सरकारला भत्त्याचे नवे दर थांबवावे लागले.

प्रश्न: १९१०च्या टोनीपँडीच्या दंगलीत लष्कर बोलावलं ते ऱ्होंदा कौन्सिलने का?

नाही, आणि तिला तो अधिकारही नव्हता. पोलीस ग्लमॉर्गन काउंटीचे होते. केंब्रियन कंबाइन या खाण कंपन्यांच्या संघाच्या खाणीत, पेनग्रेगच्या इली पिटमध्ये नव्या थराच्या टनामागच्या दरावरून सप्टेंबर १९१०मध्ये मालकांनी कामगारांना बाहेर काढलं. भांडण वाढून नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा हजारांच्या आसपास माणसं बाहेर होती. ७ आणि ८ नोव्हेंबरला चकमकी झाल्या, साठेक दुकानं फुटली, सॅम्युएल रेज हा खाणकामगार डोक्याला मार लागून दगावला. लष्कराची मागणी मुख्य पोलीस अधिकारी लायोनेल लिंडसे यांनी केली. गृहमंत्री चर्चिल यांनी आधी सैन्य वाटेत थांबवून लंडनचे पोलीस पाठवले, मग सैन्यालाही पुढे जाऊ दिलं. सैन्याने टोनीपँडीत गोळीबार केला नाही. तो गोळीबार पुढल्या वर्षी लानेली गावी, रेल्वे संपात झाला. या दोन घटनांची सरमिसळ नेहमी होते.

प्रश्न: पेनऱ्हिस ही कौन्सिलची वसाहत फसली असं लेखात होतं. नेमकं काय चुकलं?

पेनऱ्हिस दोन दऱ्यांच्या मधल्या डोंगरमाथ्यावर आहे. एका अंगाला अस्त्राद, दुसऱ्या अंगाला टायलर्सटाउन. उंची साधारण ३५० मीटर. १९६०च्या दशकात बरो कौन्सिलपुढे जागेचा प्रश्न होता. दरीचा तळ नदी, रूळ, रस्ता आणि खाणींनी व्यापलेला, उतारावर जुन्या घरांच्या रांगा किंवा दगडमातीचे ढीग. सपाट जागा उरली ती वर. तिथे नऊशेहून जास्त घरं एकाच झपाट्यात बांधली आणि १९६८मध्ये वसाहत पुरी झाली. तेव्हाच्या नगररचनेच्या कल्पनेप्रमाणे आराखडा आधुनिक होता. गाड्यांपासून वेगळ्या पायवाटा, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले ठोकळे, आणि घरात शेगडी-धुराडं न ठेवता एका बॉयलर हाऊसमधून सगळीकडे गरम पाणी.

गणित चुकलं ते इथे. या पद्धतीत उष्णता नळांमधून वाहून न्यावी लागते. नळ जितके लांब आणि जमीन जितकी ओली, तितकी उष्णता वाटेतच जाते. वारा आणि पाऊस दोन्ही बाजूंनी झोडपणाऱ्या माथ्यावर हे नुकसान वाढतं. दरीतल्या माणसाला शेगडी पेटवायची की नाही हे स्वतः ठरवता येई, त्यात खाणकामगाराला सवलतीचा कोळसा मिळे. वर तो कोळसा जाळायला जागाच नाही. घर पुरेसं तापलं नाही की भिंतीला ओल, ओलीवर बुरशी. दुकान, दवाखाना, काम सगळं खाली, आणि बसखेरीज गती नाही. ज्यांना दुसरीकडे घर मिळालं ते गेले. रिकाम्या घरांचं भाडं बुडालं, रिकामी घरं लवकर मोडली, आणि मोडक्या घरांच्या शेजारी राहायला कोणी येईना. पुढे बरीचशी घरं पाडून टाकली.

दोष नुसता वास्तुरचनाकारांच्या माथी मारू नये. लोकसंख्या उतरत असताना एवढी मोठी वसाहत एकाच जागी उभारायचा निर्णय कौन्सिलचा होता.

प्रश्न: ऱ्होंदा बोगदा डिस्ट्रिक्टच्या मालकीचा होता का?

नव्हता, तो रेल्वेचा. १८९०मध्ये सुरू झाला. लांबी सुमारे ३,१४८ मीटर. एक तोंड ऱ्होंदातल्या ब्लाइनकुमला, दुसरं ब्लाइनग्विनवीला. वाहतूक १९६८मध्ये बंद. सहा वर्षांनी नव्या सीमा आखल्या तेव्हा पलीकडचं तोंड आफन डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे वेस्ट ग्लमॉर्गन काउंटीत गेलं.

प्रश्न: एका प्रबंधासाठी १९व्या शतकातल्या ऱ्होंदातल्या खाणकामगार कुटुंबांचा माग काढायचा आहे. कुठून सुरुवात करू?

गावाचं नाव हातात घ्या आणि आधी ते कोणत्या पॅरिशमध्ये होतं ते ठरवा. इथेच निम्मे लोक अडकतात. मोठ्या दरीचा बराच भाग अस्त्रादवोदुगमध्ये. धाकट्या नदीच्या पूर्वेचा काठ लान्वोनोमध्ये. पोर्थजवळचं कमेर लान्ट्रिसंटमध्ये. १८५६मध्ये कमेरच्या खाणीत स्फोट होऊन ११४ माणसं आणि पोरं गेली. त्यांच्या नोंदी कोणी अस्त्रादवोदुगमध्ये शोधू लागला तर हात हलवत परत येईल.

मग जन्म-मृत्यू नोंदणी. तिची क्षेत्रं कौन्सिलच्या हद्दीशी जुळत नाहीत. १८६३पासून ऱ्होंदातल्या नोंदी 'पाँटिप्रिद' या नोंदणी क्षेत्राखाली आहेत, खंड ११ए. त्याआधी वरच्या दरीसाठी 'मर्थर टिडविल' पाहा. सूचीत 'ऱ्होंदा' शोधत बसू नका.

तिसरी पायरी जनगणना. १८४१ ते १९२१ या दशवार्षिक गणनांचे घरोघरचे कागद पाहता येतात. १९३१चे आगीत जळाले, १९४१ला गणना झालीच नाही. मधली पोकळी १९३९च्या राष्ट्रीय नोंदवहीने काहीशी भरते. तिथे पूर्ण जन्मतारीख मिळते, पण जन्मगाव मिळत नाही.

नावांचे घोळ लक्षात ठेवा. फर्नडेलचं वेल्श नाव ग्लिनऱ्हेडनोग आहे आणि वेल्श वृत्तपत्रांत तेच येतं. मार्डी दोन-तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. नुसतं 'अस्त्राद' दिसलं तर ते अस्त्राद ऱ्होंदाच आहे ना ते तपासा, कारण रम्नी व्हॅलीत अस्त्राद मनाख आहे. 'पेन्ट्रे' नावाची गावं वेल्सभर आहेत. आडनावांचा त्रास तर याहून मोठा. एका रांगेत चार-पाच जॉन डेव्हिस भेटतात. फक्त नाव आणि वय जुळलं म्हणून माणूस तोच असं धरू नका. घरचा पत्ता, बायकोचं नाव आणि जन्मगाव अशा किमान तीन गोष्टी जुळवा. १८५१पासूनच्या गणनांत जन्मगाव नीट वाचलंत तर स्थलांतराचा नकाशा आपोआप उभा राहतो. आधी पश्चिम आणि मध्य वेल्समधली खेडी, नंतर इंग्लंडचा नैर्ऋत्य भाग.

कौन्सिलचं दप्तर, म्हणजे इतिवृत्तं, पट्टीच्या वह्या, बांधकामाचे नकाशे, यासाठी कार्डिफमधलं ग्लमॉर्गन अर्काइव्हज. आरोग्य अधिकाऱ्याचे छापील वार्षिक अहवाल सोडू नका. बालमृत्यू, आंत्रज्वर, घरांतली गर्दी, नदीत सोडलेलं सांडपाणी याबद्दल इतकं रोखठोक लिखाण दुसरीकडे नाही. 'ऱ्होंदा लीडर'चे १९१९पर्यंतचे अंक नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सच्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. जुने सर्व्हे नकाशे मात्र स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर सोयीचे आहेत, वेल्सचेसुद्धा. मैलाला सहा इंच या प्रमाणाच्या नकाशावर पॅरिशची सीमा ठिपक्यांच्या रेषेने दाखवलेली असते. गणनेतली रांग नकाशावर शोधली की ती सीमेच्या कोणत्या बाजूला आहे ते कळतं.

प्रश्न: लोकसंख्येचे जुने आणि नवे आकडे एकमेकांशी लावता येतात का?

१९०१ ते १९९१ बऱ्यापैकी लावता येतात, कारण हद्द फारशी हलली नाही. १८५१चा ९५१ हा पॅरिशचा आकडा, पुढचे कौन्सिलचे. त्यामुळे शेकडेवारी काढताना तळटीप हवीच. १९९६नंतर 'ऱ्होंदा' अशी स्वतंत्र ओळ कौन्सिलच्या तक्त्यात मिळत नाही, वॉर्डांची बेरीज करावी लागते. संसदेचा ऱ्होंदा मतदारसंघ २०२४पर्यंत जुन्या बरोच्या बराच जवळ जाणारा होता, म्हणून कामचलाऊ तुलनेला तो चालतो. २०२४पासून तो ओगमोरला जोडला गेला, तेव्हा तीही सोय संपली.

उत्पादनाचे आकडे तर आणखी जपून वापरा. १९८६मध्ये मार्डी खाण जमिनीखालून टॉवर खाणीला जोडली आणि मार्डीचा कोळसा टॉवरमधून वर येऊ लागला. टॉवर कनन व्हॅली डिस्ट्रिक्टमध्ये. म्हणजे माणसं ऱ्होंदातून खाली उतरत आणि कोळसा शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये निघे. २१ डिसेंबर १९९०ला मार्डी बंद झाली. ती ऱ्होंदातली शेवटची खाण.

प्रश्न: १९९६नंतर ऱ्होंदाचं काय झालं? सगळा भाग एकाच कौन्सिलमध्ये गेला का?

हो, ऱ्होंदा अखंड गेली. १९९४च्या कायद्याने काउंट्या आणि डिस्ट्रिक्ट दोन्ही मोडून २२ एकस्तरीय कौन्सिल केल्या. ऱ्होंदा, कनन व्हॅली आणि टॅफ-इली मिळून ऱ्होंदा कनन टॅफ झाली. टॅफ-इलीचा मात्र एक तुकडा सुटला. पेन्टिर्ख, क्राइगाइ आणि ग्वाइलोद-अ-गार्थ कार्डिफकडे गेले. निवडणुका १९९५मध्येच घेतल्या होत्या आणि वर्षभर नवी कौन्सिल जुन्यांच्या बरोबरीने तयारी करत होती. मिड ग्लमॉर्गन हे नाव आता राजाचा प्रतिनिधी नेमण्यापुरतं उरलं आहे.

नव्या कौन्सिलने आपली कचेरी क्लिडाख व्हेलला, जुन्या केंब्रियन खाणीच्या जागेवर थाटली. याच खाणीत १७ मे १९६५ला स्फोट होऊन ३१ जण गेले होते. ऱ्होंदाच्या पट्ट्यात गावपातळीच्या कम्युनिटी आखलेल्या आहेत, पण त्यांच्या कौन्सिल नाहीत. कनन किंवा टॅफ-इलीकडे काही ठिकाणी त्या दिसतील. पिनकोडवर मात्र जुनी दरी ओळखू येते. सीएफ ३९ पोर्थ, ४० टोनीपँडी, ४१ पेन्ट्रे, ४२ ट्रिऑर्की, ४३ फर्नडेल.

खाणींचं एक देणं नव्या कौन्सिलच्या माथी आलं, ते दगडमातीच्या ढिगांचं. फेब्रुवारी २०२०मध्ये डेनिस वादळाच्या पावसात टायलर्सटाउनच्या वरचा ढीग सुटला आणि सुमारे ६० हजार टन राडारोडा धाकट्या दरीत आला. नदीचं पात्र अडलं आणि खालून जाणारी सांडपाण्याची वाहिनी फुटली. अशा जागी पाणी आत मुरून साचू न देणं हेच मुख्य काम असतं. माथ्यावरचे चर मोकळे ठेवायचे, आतल्या नळ्या तुंबू द्यायच्या नाहीत, पायथ्याशी नवा झरा फुटला किंवा वर भेग दिसली तर लगेच पाहणी करायची. ऱ्होंदातले बरेच ढीग खाजगी जमिनीवर आहेत, त्यामुळे पाहणी आणि दुरुस्तीचा खर्च कोणी उचलायचा हा वाद जुन्या बरोच्या दप्तरातून थेट नव्या कौन्सिलच्या टेबलावर आलेला आहे.